एका कोंबडीचे अठरा पालक

निवांतराव हल्ली पहाटे उठतात, अकरा तास राबतात आणि जेवताना ताटावरच पेंगतात. पण हे आपण ऐकलेलंच नाही असं धरून चालू. तसं काहीही झालेलं नाही. निवांतराव अजून शेतावर आरामखुर्चीत पडलेले आहेत आणि बायकोला सांगताहेत की यापुढे आपल्या घरात पैसा बसल्या जागी येणार!

"बसल्या जागी येणारा पैसा मला ठाऊक आहे," बायको म्हणाली. "त्याला पगार म्हणतात. तो तुम्ही गेल्या महिन्यात सोडलात."

बायको शाळेत शिकवायची. समोरचा थाप मारतोय असंच धरून चालायचं, आणि तसं न निघाल्यास आश्चर्य व्यक्त करायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. पण संशय घेण्यात तिलाही मागे टाकतील अशा एकच बाई घरात होत्या, त्या म्हणजे निवांतरावांची थोरली बहीण. ताई वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटे करून त्यांच्या बुडाला चिकटवलेलं मेण शोधलं होतं. निरोप समारंभातल्या हाराचंही त्यांनी वजन केलं होतं, आणि ते कमी भरलं होतं.

अडचण अशी, की शेत ताईंचं होतं. जेमतेम दीड एकर, एक विहीर, एक पडवी आणि कोंबड्यांचं एक खुराडं. ते त्यांनी भावाला एका अटीवर वापरायला दिलं होतं. एका जरी गिऱ्हाइकाला फसवलंस, तर त्याच दिवशी जमीन फरशीवाल्याला गोदामासाठी जाईल. फरशीवाला दर पंधरवड्याला येऊन कुंपणापाशी उभा राहायचा आणि खुराड्याकडे बघत मनातल्या मनात फरश्या रचायचा. निवांतरावांना त्याची नजर अजिबात आवडत नसे. पुन्हा ऑफिसात जाऊन साहेबाच्या दारावर टकटक करायची, या कल्पनेनेच ते आरामखुर्चीत आणखी खोल रुतायचे. शेत गेलं की तेच नशिबात होतं.

तर योजना अशी. शहरातल्या लोकांनी एकेक कोंबडी दत्तक घ्यायची. दरमहा वर्गणी भरायची. त्या बदल्यात आठवड्याला पाच अंडी घरपोच, आणि महिन्याला कोंबडीचा एक फोटो व प्रगतिपत्रक. प्रगतिपत्रकं बायकोच्या शाळेतली जुनी, छापून उरलेली. "वर्तन: समाधानकारक. इतरांशी मिळूनमिसळून वागते. चिखलाकडे ओढा कमी करावा." अंडी दूधवाला आपल्या गाडीतून पोचवायचा. निवांतरावांनी फक्त पडून राहायचं.

बघता बघता अठरा पालक जमले. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या कोंबडीचं नाव ठेवलं मोती. वकीलसाहेबांनी ठेवलं याचिका. शिंपीकाकांनी बराच विचार करून ठेवलं काजबटण.

कोंबड्या वीस होत्या, सगळ्या एकाच जातीच्या, पांढऱ्याफेक. पण फोटो काढायला गेलं की एकोणीसजणी अशा पांगायच्या, जणू निवांतराव वसुलीला आले आहेत. एकच होती जी जागची हलत नसे. ती स्वभावानेच निवांत होती. एका विटेवर बसून ती सबंध दिवस काढायची. निवांतरावांना तिच्याबद्दल मनातून आदर होता. त्यांनी तिचे अठरा फोटो काढले. कधी मागे विहीर, कधी मागे जास्वंद, गळ्यात दर वेळी वेगळ्या रंगाची फीत. फसवणूक त्यांच्या मनातही नव्हती. पांढरी कोंबडी ती पांढरी कोंबडी. अंडी तर खरीच होती.

फक्त त्या कोंबडीचा तुरा डावीकडे कलता होता, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिंपीकाका दाढ दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाहेरच्या खोलीत भिंतीवर चौकटीत मोतीचा फोटो. काकांची दाढ दुखायची थांबली. तो तुरा त्यांनी लाखात ओळखला असता. आपली काजबटण या बाईच्या भिंतीवर कशी? त्यांनी आपल्या खिशातला फोटो काढून शेजारी धरला, तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या आणि आपल्या मोतीचा फोटो या गृहस्थाच्या खिशात पाहून जागीच थबकल्या. दोघं एकमेकांशी फार गोड बोलले. दाढ काढायचं राहिलंच.

त्या संध्याकाळी निवांतरावांना दोन फोन आले. शिंपीकाकांनी दबक्या आवाजात सांगितलं, की डॉक्टरीणबाईंचा काजबटणवर डोळा आहे, जरा लक्ष ठेवा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की शिंपीकाका सरळ माणूस वाटत नाही, तो मोतीचा फोटो खिशात घालून हिंडतो. निवांतरावांनी दोघांनाही डोळ्यांत तेल घालून पहारा देण्याचं वचन दिलं आणि कूस बदलली.

पण संशय हा तेलाच्या डागासारखा असतो, पसरायला त्याला कोणी सांगावं लागत नाही. आठवड्याभरात अठरा पालक एकमेकांच्या घरी काही ना काही निमित्त काढून जायला लागले. कुणी वाटीभर साखर मागायला, कुणी वर्तमानपत्र परत द्यायला, आणि भिंतीवर, कपाटावर, फ्रिजच्या दारावर तोच कलता तुरा पाहून ओठ आवळून परत यायचे. शेतावर कोंबडीचोरांची टोळी वावरते आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. टोळीत आपण सोडून बाकी सतराजण आहेत, यावरही. निवांतराव दूधवाल्याकडे संशयाने बघू लागले, कारण सगळ्यांच्या घरी जाणारा तोच एक होता. दूधवाला निवांतरावांकडे बघायचाच बंद झाला.

ही बातमी ताईंच्या कानावर गेली आणि ताईंच्या अंगात एकतीस वर्षं परत संचारली.

रविवारी सगळ्या पालकांना बोलवा, त्या म्हणाल्या. प्रत्येकाची कोंबडी त्याला समक्ष दाखवायची, वजन करून नोंद करायची, म्हणजे पुढे कुणी बदलली तर लगेच कळेल. माणसाच्या चेहऱ्यावर ताईंचा विश्वास नव्हता, मग कोंबडीच्या चेहऱ्याकडे त्या कशाला बघतील? त्यांचा विश्वास फक्त काट्यावर.

निवांतरावांची पाचावर धारण बसली. पण डोकं चाललं. कोंबड्या गर्दीला बिचकतात, अंडी द्यायच्या थांबतात, असं सांगून त्यांनी एकेकालाच पडवीत सोडायचं ठरवलं. बाकीचे बाहेर बाकांवर. प्रत्येकाला दहा मिनिटं, दाणे घालायचे नाहीत. खुराड्याच्या दाराशी ताई काटा घेऊन बसणार. भेट संपली की कोंबडी आत न्यायची, फीत बदलायची, तीच बाहेर आणायची.

रविवारी सकाळी शिंपीकाका पहिले. लाल फीत. ताईंनी काजबटणला काट्यावर ठेवलं. एक किलो नऊशे चाळीस. काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिचा तुरा बोटाने कुरवाळला. मग निळी फीत, डॉक्टरीणबाई. एक किलो नऊशे चाळीस. हिरवी फीत. एक किलो नऊशे चाळीस.

चौथीला ताईंनी चष्मा पुसला. पाचवीला त्यांनी पिशवीतून प्रमाणित वजनं काढून काटा तपासला. काटा बरोबर होता. सहावीला त्यांचा चेहरा उतरला. "एकाच साच्यातल्या विटासुद्धा इतक्या सारख्या भरत नाहीत," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्याच काट्याचा संशय आला होता. निवांतरावांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं, की आपल्याकडे सगळ्यांना समान वागणूक असते.

सातवे वकीलसाहेब. पिवळी फीत, एक किलो नऊशे चाळीस. याचिका त्यांच्या मांडीवर बसली, डोळे मिटले आणि तिने तिथेच अंडं घातलं. वकीलसाहेब अंडं दोन्ही हातांत धरून ताईंकडे आले, याचीही नोंद व्हावी म्हणाले. ताईंनी वजन केलं. पंचावन्न ग्रॅम.

मग जांभळी फीत, आठवी. एक किलो आठशे पंच्याऐंशी.

ताई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग वरच्या आकड्याकडे. मग अंड्याकडे. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. काटा निर्दोष होता.

"नंबर आठ राहू दे इथेच," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. "आता नंबर सात घेऊन ये. दोघी एकदम बघायच्यात मला."

निवांतराव खुराड्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. शेवटी पिवळी फीत बांधलेली, पंख फडफडवणारी, सरळ तुऱ्याची एक कोंबडी घेऊन ते वाकून बाहेर आले. त्यांच्या नाकावर चोचीची खूण होती.

"ही याचिका नव्हे," वकीलसाहेब म्हणाले.

ताईंनी बाहेरच्या सगळ्यांना आत बोलावलं आणि चार वाक्यांत प्रकार सांगितला. शिंपीकाकांनी डॉक्टरीणबाईंची माफी मागितली. डॉक्टरीणबाईंनी दाढ फुकट काढून द्यायचं कबूल केलं. कुंपणापाशी फरशीवाला टेप घेऊन उभाच होता, त्याला कोणी कळवलं हे आजतागायत समजलेलं नाही.

ताईंनी पालकांना दोन पर्याय दिले. पैसे परत घ्या, नाहीतर दुसरी कोंबडी घ्या. दुसरी कोणालाच नको होती. पैसेही नको होते. महिनोन् महिने जिचं प्रगतिपत्रक वाचून आपण झोपलो, ती याच तुऱ्याची, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. वकीलसाहेबांनी तर ताबा मागितला.

"दाखवला तोच माल द्यायचा, आणि पुऱ्या मापाने द्यायचा," ताईंनी निकाल दिला. "कुणी फसलं असं मी तूर्त म्हणत नाही. पण ही कोंबडी प्रत्येकाच्या घरी आळीपाळीने जाईल. एक खेप जरी चुकली, तर जमीन फरशीवाल्याची."

तेव्हापासून रोज दोन घरं, नऊ दिवसांत एक फेरी, नववा संपला की पुन्हा पहिला. निवांतराव पहाटे गाडी काढतात. कोंबडी पुढच्या सीटवर बसते आणि वाटभर डोळे मिटून असते. तिला पोचवायचं, आणायचं, अंघोळ घालायची, तुरा पुसायचा, आणि परत आल्यावर उरलेल्या एकोणीसजणींची झाडलोट. त्या मात्र दिवसभर सावलीत पडून असतात. आपल्याकडे बघून त्या हसतात, असा निवांतरावांचा दाट संशय आहे.

परवा त्यांनी ताईंकडे रीतसर अर्ज दिला. तो असा:

"प्रति, जमीनमालक. विषय: विश्रांती मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की खुडूक बसलेल्या कोंबडीस एकवीस दिवस जागेवरून न उठण्याची मुभा असते, तिचे दाणापाणी जागेवर दिले जाते व तिच्याकडून कोणत्याही कामाची अपेक्षा केली जात नाही. तरी अर्जदाराचे वय, प्रकृती व मूळ स्वभाव लक्षात घेता, अर्जदारास येत्या एक तारखेपासून खुडूक घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती."