पेटीतला सम्राट

आकाराम खाडेनं 'हो' म्हणण्याआधी बायकोला विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो जादूगार होता आणि जादूगार कुणाला विचारत नाही. (क्लार्क विचारतो. आकाराम दोन्ही होता, पण त्या दिवशी साहेबांची परवानगी न घेता त्याच्यातला जादूगारच खुर्चीत बसला होता.)

आठवडाभर तो गडमुडशिंगीच्या एका शाळेत दाखले लिहायचा. रविवारी आणि जत्रांच्या हंगामात 'जादूगार सम्राट' व्हायचा. काळा कोट, जरीचा फेटा, हातात छडी. त्याच्या पोस्टरवर 'जादूगार सम्राट आणि कंपनी' असं छापलेलं असायचं. कंपनी म्हणजे त्याची बायको वर्षाराणी. अठरा वर्षं ती पेटीत झोपायची, करवतीनं तिचे दोन तुकडे व्हायचे, आकाराम मंत्र म्हणायचा, ती अखंड बाहेर यायची आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायची.

त्या दिवशी शाळेत आदिती नावाची पुण्याची मुलगी आली. तिला शूटिंगसाठी शाळेचा हॉल हवा होता.

"फिल्म करतोय सर. ब्लॅक कॉमेडी आहे."

"काळ्या जादूवर?" आकाराम ताठ झाला. "न्हाय हं म्याडम. आमची जादू एकदम पांढरी हाय. लहान पोरं बसत्यात पुढं."

"काळी जादू नाही हो! स्टेजवर जादू करणारं एक जोडपं आहे. एका प्रयोगात बायको नवऱ्याला चुकून खरंच कापते. मग प्रयोग बंद पडू नयेत म्हणून पुढचे चाळीस शो ती नवरा जिवंत असल्याचं भासवत राहते. लोकांनी हसायचं, पण हसल्यावर त्यांना थोडं वाईटही वाटलं पाहिजे."

"मग सरळ वाईटच वाटू दे की. हसायचं कशाला?"

आदितीनं हे वाक्य वहीत लिहून घेतलं. आकारामची छाती दोन इंच फुगली. एवढ्यात तिला भिंतीवरचं पोस्टर दिसलं आणि तिची अडचण सुटली. पेटीचा प्रसंग करायला तिच्या नटानं नकार दिला होता. त्याला बंद जागेची भीती होती.

"सर, नवऱ्याच्या जागी तुम्ही जाल पेटीत? आणि कापायला तुमच्या मिसेस?"

"त्यात काय हाय! अठरा वर्षं तेच करालोय."

(अठरा वर्षांत तो पेटीत एकदाही गेलेला नव्हता. पेटी पुसायलासुद्धा त्यानं कधी आत हात घातला नव्हता.)

जाताना आदितीनं त्याला सिनेमातल्या रक्ताची एक बाटली दिली. पेटीच्या रंगावर ते उठून दिसतं का, एवढं बघून ठेवायला सांगितलं. शूटिंग रविवारी ठरलं.

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली, तेव्हा वर्षाराणी पीठ मळत होती. तिनं एकदा त्याच्या तोंडाकडं बघितलं, एकदा पोटाकडं.

"तुम्ही? पेटीत?"

"झोपायचं तर हाय. झोपायला काय अक्कल लागतीय?"

वर्षाराणीचा हात पिठातच थांबला. मग ती म्हणाली, "व्हय की. अजिबात लागत न्हाय." आणि पुन्हा पीठ मळायला लागली. आकारामला वाटलं, पटलं तिला.

शनिवारी वर्षाराणी त्याच्या थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे आक्काबरोबर, नृसिंहवाडीला दर्शनाला गेली. आकाराम सकाळची शाळा करून दुपारी घरी आला. उद्या सगळ्या युनिटसमोर फजिती नको म्हणून एकदा गुपचूप सराव करायचा त्यानं ठरवलं.

जादूचं गुपित फोडायचं नसतं, पण पुढचं कळायला हवं म्हणून निम्मं सांगतो. पेटीचे दोन भाग, दोन्हींना खाली चाकं. माणूस सगळा पहिल्या भागातच असतो, गुडघे छातीला लावून. दुसऱ्या भागातून जे पाय बाहेर दिसतात, ते फायबरचे.

आकारामनं पायांना आपले मोजे आणि बूट चढवले. मग आत शिरला. डोकं भोकातून बाहेर काढलं, गुडघे वर ओढले. गुडघे छातीपर्यंत येईनात, कारण मध्ये पोट होतं. त्यानं श्वास सोडला, पोट आत घेतलं, जोर लावला आणि दोरी ओढून झाकण खाली घेतलं. झाकण बसलं. बाहेरची कडी आपोआप खटकन पडली. मग आकारामनं श्वास घेतला.

तिथंच चुकलं. पोट परत जागेवर आलं आणि तो पाचर मारल्यासारखा बसला. सुटायला त्यानं धडपड केली, तेव्हा पेटीचा दुसरा भाग सुटला आणि बूट-मोज्यांसकट घरंगळत थेट उंबऱ्यापाशी गेला. धक्क्यानं डोक्याशी स्टुलावर ठेवलेली रक्ताची बाटली कलंडली. निम्मं रक्त त्याच्या गळ्यावर, निम्मं फरशीवर. ते साखरेच्या पाकाचं होतं, हे त्याला ओठावर आलेल्या थेंबावरून कळलं. मुंग्यांनाही फार उशिरा कळलं नाही.

पाच-दहा मिनिटांनी शेजारच्या तानाबाई विरजण मागायला आल्या. दार ढकललं. उंबऱ्याशी दोन पाय. तिथून आत रक्ताचा ओघळ. ओघळाच्या शेवटी आकारामचं डोकं.

"तानाबाई," डोकं म्हणालं, "घाबरू नका."

तानाबाईंच्या हातातली वाटी पडली. त्या अशा काही ओरडल्या की गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान असलेले नेमिनाथअण्णा गिऱ्हाईक सोडून पळत आले.

"आरं देवा! कोण केलं रं हे, आकाराम?"

"कोण न्हाय. माझं मीच."

"बायकोला पाठीशी घालू नको! कुठं हाय ती?"

"वाडीला गेलीया. दर्शनाला."

"बघा अण्णा! दोन तुकडं केलं आणि देवाला गेली!" तानाबाईंनी पदरातला मोबाईल काढून तिथंच वर्षाराणीला फोन लावला. स्पीकर चालू केला, कारण पंचांसमोर बोलणं व्हायला हवं होतं. "अगं वर्षाराणी, काय केलंस हे! नवरा कापून ठेवलास की गं!"

पलीकडं देवळातली घंटा वाजली.

"बोलत्यात का?" वर्षाराणीनं विचारलं.

"कोण?"

"तुकडे."

"वरचा बोलतोय."

"मग काय न्हाय झालं. पाणी पाजा तेवढं. मी येते."

नेमिनाथअण्णांनी पेटीभोवती एक फेरी मारली. अण्णांना दुरुस्तीची आवड. "ग्राइंडर आणू काय? दोन मिनिटांत कापून काढतो."

"कापू नका अण्णा! उद्या शूटिंग हाय. पेटी एकच हाय."

"मग कडी काढून झाकण उघडतो."

"उघडायचं बी न्हाय. आतलं गुपित हाय. शपथ हाय जादूगाराची."

"आयला," अण्णा म्हणाले, "निम्मा मेला तरी ताठा गेला न्हाय."

अण्णा आणि तानाबाई त्याच्या दोन्ही बाजूंना बसून राहिले. तानाबाई मधूनमधून चमच्यानं पाणी पाजत होत्या आणि प्रत्येक वेळी ते खालून कुठून गळतंय का बघत होत्या.

दोन तास गेले. पहिल्या अर्ध्या तासात आकारामची कंबर दुखली. दुसऱ्यात कंबर आहे की नाही ते कळेना. घामानं बनियन चिकटलं, मानेवर मुंग्या, आणि खाजवायला हात आत अडकलेले. आणि मग, दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळं, आकाराम विचार करायला लागला.

त्याला गडहिंग्लजकडच्या एका गावची जत्रा आठवली. एप्रिलचा महिना, पत्र्याचा मांडव. वर्षाराणीचे दोन तुकडे झाले होते आणि तेवढ्यात सरपंच हार घेऊन स्टेजवर आले. आकारामच्या हातात माईक आला. तो पंचवीस मिनिटं बोलला. सरपंचांचे आभार, कमिटीचे आभार, लाइटवाल्याचे आभार, एसटीच्या ड्रायव्हरचेसुद्धा आभार मानले. वर्षाराणी पेटीत होती. घरी येताना ती म्हणाली होती, "भाषण चांगलं झालं." त्याला ते खरं वाटलं होतं.

त्याला लेक राजनंदिनी पोटात असतानाचे दिवस आठवले. तिसरा महिना लागेपर्यंत वर्षाराणी पेटीत जात होती. सांगितलंच नव्हतं तिनं, कारण तारखा घेतलेल्या होत्या. आकारामला हुंदका फुटला. तानाबाईंना वाटलं, जीव चालला. त्यांनी आणखी एक चमचा पाजला.

वर्षाराणी आली. दारातले पाय उचलून बाजूला ठेवले, तानाबाईंना विरजण दिलं, अण्णांना हात जोडले आणि दोघांना वाटेला लावून दार लावलं. मग फरशीवर त्याच्या डोक्याशेजारी बसली आणि पदरानं त्याच्या गळ्यावरच्या मुंग्या झाडायला लागली.

"राणी," आकाराम म्हणाला, "तुला बी आत असंच होतंय?"

"कसं?"

"असं. कंबर, श्वास..."

"पयली दोन वर्षं व्हायचं. मग अंगवळणी पडलं."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही बाहेर टाळ्या घेत असायचासा. ऐकू कुठलं येणार?"

ती रागानं नव्हती बोलत, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्याचे डोळे भरून आले. हात आत होते, म्हणून तिनंच ते पुसले.

"मी मोठा नालायक हाय," तो म्हणाला. "तुझ्यामुळं मी जादूगार हाय बघ. न्हायतर नुसता दाखले लिहिणारा क्लार्क."

"दाखले बी निम्मे मीच लिहिते. जूनमधी."

"ते बी खरं हाय. तुझे लई उपकार हाईत."

 मुंग्या संपल्या होत्या तरी वर्षाराणीचा पदर त्याच्या गळ्यावरून फिरत राहिला. मग ती म्हणाली, "आता डावा हात जरा मागं घ्या. खटका हाय तिथं. दाबा."

आकारामनं दाबलं. कडी उडाली, झाकण सुटलं.

"हे कवा बसवलंस?"

"गडहिंग्लजच्या भाषणानंतर. सुताराकडनं."

"म्हंजे तू कवाबी बाहेर येऊ शकत होतीस? मग मी मंत्र म्हणायचो ते?"

"तुमचा मंत्र संपेस्तोवर थांबायची मी. मधीच आले असते तर तुम्हाला किती वाईट वाटलं असतं."

तिनं त्याला काखेत हात घालून बाहेर काढलं. तो बाहेर आला, पण सरळ झाला नाही. रविवारी सकाळी युनिटसमोर तो प्रश्नचिन्हासारखा उभा राहिला. पेटीत परत जाणं शक्यच नव्हतं. आदितीला घाम फुटला. तेव्हा वर्षाराणी म्हणाली, "माझ्या डोक्याला फेटा बांधा, मिशा लावा. आत जायला मी जाते. आणि करवत धरायला बी मीच. तुम्ही दोन वेळा घ्या की चित्रं."

तसंच केलं. सकाळी ती मिशा लावून कापली गेली आणि दुपारी साडी नेसून तिनंच करवत धरली. आकारामलाही काम मिळालं. पुढच्या चाळीस शोंमधला मेलेला नवरा वाकडाच हवा होता.

"काहीच करायचं नाही सर," आदिती म्हणाली. "नुसतं पडून राहा. फार नॅचरल करता तुम्ही."

पडल्या पडल्या तो वर्षाराणीकडं बघत राहिला. करवत फिरवताना ती गालात हसली आणि सगळा हॉल गप्प झाला. अशी नजर बांधणं त्याला अठरा वर्षांत जमलं नव्हतं. हेवा वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटला तो अभिमान.

सिनेमा लागल्यावर बोलावणी येऊ लागली ती वर्षाराणीलाच. आकारामनं स्वतः पोस्टर नवं छापून आणलं: 'जादूगार वर्षाराणी'. आता पेटी तो ढकलतो, रुमाल तो देतो, कबुतरं तो धरतो आणि शो संपला की सगळ्यांदेखत पहिले आभार तिचे मानतो. दोन मिनिटांत.

परवा एका जत्रेत शो झाल्यावर तो दोऱ्या गुंडाळत होता. पुढच्या रांगेत बसलेला एक म्हातारा काठी टेकत जवळ आला.

"पावणं, बाईंची जादू एक नंबर हाय. तुम्ही किती वर्षं हाईसा त्यांच्या हाताखाली?"

आकारामनं प्रामाणिकपणे हिशेब केला. "अठरा आणि हे एक, एकोणीस वर्षं झाली की."

म्हाताऱ्यानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"आणि बाईंनी अजून काढून टाकलं न्हाय?" तो म्हणाला. "देवमाणूस हाय म्हणायची."