कालव्याकडची रेघ

"माझ्या हातून घोळ? अहो, घोळ व्हायला माणूस आधी वेंधळा असावा लागतो!"

नॉरिस डकवर्थ शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये छाती फुगवून असं म्हणाला, तेव्हाच कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण नॉरिस पडला हॅगडेन रोव्हर्स फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी. सेक्रेटरीच्या तोंडावर हात कोण ठेवणार? आणि त्याचं म्हणणं तसं खोटंही नव्हतं. पोस्टात सगळी नोकरी झाली, पण एक पत्र कधी चुकीच्या पेटीत पडलं नाही, हे तो दर शुक्रवारी सांगायचा. एक खोड मात्र होती. क्लबसाठी वस्तू घ्यायची तर ती बाजारातली सगळ्यात स्वस्त! त्याने आणलेल्या साबणाला फेस येत नसे आणि त्याने आणलेल्या जाळ्यांतून चेंडू आरपार जात असे. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिनेच दावा साधला.

शनिवारचा बेत मोठा होता. सेप क्रॅबट्रीला निरोप द्यायचा होता.

हॅगडेन म्हणजे काही नावाजलेला क्लब नव्हे. गिरणी आणि कालवा यांच्या मधलं एक मैदान, एक पत्र्याचा स्टँड आणि ग्लॅडिसची चहाची टपरी, एवढाच संसार. पण त्या क्लबकडे सेप होता! शनिवारी दुपारपर्यंत तो गिरणीत माग चालवायचा, भोंगा झाला की धावत मैदानावर यायचा आणि मग डाव्या बगलेने अंधार पडेपर्यंत धावतच राहायचा. अंगाने काडी, पण चेंडू पायाशी आला की समोरचे धिप्पाड बॅक एकमेकांवर आपटायचे. क्लबसाठी दोनशे एकेचाळीस गोल! त्यानंतर किती आले, केस वाढवून आले, मिशा ठेवून आले, पण क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर सगळ्यात वर नाव अजून सेपचंच. मोठ्या शहरांतल्या क्लबांनी तीनदा बोलावणं धाडलं. सेपने प्रत्येक वेळी एकच विचारलं, "तुमच्या मैदानाशेजारी कालवा आहे का?" नाही म्हटल्यावर तो गेला नाही.

असा माणूस पिकल्या वयात, झोपेतच गेला. गाव हळहळलं. क्लबच्या कमिटीने ठरवलं, की सामन्याच्या मध्यंतरात सेपची राख मैदानाच्या मधल्या वर्तुळात विखुरायची. पाद्री येणार, गिरणीचा बँड वाजणार, आणि राख कशातून विखुरायची? तर सेपने स्वतः जिंकून आणलेल्या चांदीच्या कपातून! ही कल्पना नॉरिसची.

विरोध होता एकट्या जेथ्रो ग्रिमशॉचा. जेथ्रो म्हणजे मैदानाची देखभाल करणारा. गवतावर त्याचा पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव.

"माझ्या मैदानात मेलेला माणूस नको!" तो कमिटीत गरजला होता. "पेनल्टीच्या ठिपक्यावर आधीच चौघं जण आहेत. ज्याला त्याला मेल्यावर तिथेच यायचंय! गवत काय डोंबल उगवणार?"

शेवटी मधल्या वर्तुळात नाहीतरी नोव्हेंबरात चिखलच असतो, म्हणून तो कसाबसा गप्प बसला.

शनिवारी सकाळी सेपची बायको विनी राख घेऊन आली. बाई पंच्याहत्तरीची, पण कण्यात बाक नाही. नॉरिस लहानपणापासून तिच्या शेजारी वाढलेला, त्यामुळे तो तिला विनीमावशी म्हणायचा. मावशीच्या पिशवीत पिठाचा मोठा पत्र्याचा डबा होता.

"मावशी, हे काय?"

"तुझे काका," विनी म्हणाली. "स्मशानवाल्यांनी दिलेल्या खोक्याचं झाकण धड बसेना. म्हटलं, बसमध्ये सांडायला नको. आणि ऐक, डबा मला आत्ताच्या आत्ता परत हवाय. उद्या रविवार. पीठ कशात ठेवू?"

कप तर ग्लॅडिसकडे घासायला गेलेला! नॉरिसने क्षणभर विचार केला, एक कोरी करकरीत बादली शोधली, तिच्यात राख अलगद ओतली, वर झाकण ठेवलं आणि ती मैदानामागच्या अवजारांच्या खोलीत फळीवर नेऊन ठेवली. का? तर अख्ख्या क्लबात कुलूप असलेली ती एकच खोली! किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, दुसरी जेथ्रोकडे.

हातात डबा घेऊन परत निघालेल्या मावशीला तो म्हणाला, "निश्चिंत राहा. काका आता बँकेत ठेवल्यासारखे सुरक्षित आहेत."

"तुझ्यावर भरवसा आहे रे," विनी म्हणाली. "माझ्याकडे त्यांचं आता तेवढंच उरलंय."

सामना तीनला. पावणेतीनला चकचकीत कप काखेत मारून नॉरिस शीळ घालत खोलीत शिरला. फळीवरची बादली जमिनीवर होती. झाकण बाजूला. बादली रिकामी!

तो धावत बाहेर आला. जेथ्रो रेघा आखायची चाकाची गाडी ढकलत येत होता.

"जेथ्रो! त्या बादलीतली... ती पावडर?"

"तो चुना होय? वापरला की!" जेथ्रो म्हणाला. "तीन बाजू आखून झाल्या आणि माझा चुना संपत आला. आत बघतो तर तुम्ही नवा आणून ठेवलेला. म्हटलं, सेक्रेटरीसाहेबांना उशिरा का होईना अक्कल आली."

"तुला तो... चुना वाटला?"

"करडा होता हो, आणि खरखरीत. पण तुम्ही आणलेला म्हटल्यावर मी काय पांढऱ्याशुभ्र चुन्याची आशा धरू? उरलेला माझा मिसळला आणि कालव्याकडची अख्खी रेघ मारून टाकली."

नॉरिसने कालव्याकडे पाहिलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळंबा धरल्यासारखे सरळ, सेपकाका पसरले होते!

खरं सांगावं तर जेथ्रो आत्ताच्या आत्ता ती रेघ फावड्याने उपटून कालव्यात टाकणार. न सांगावं तर मावशीला मध्यंतरात काय दाखवायचं? गावासमोर नाचक्की झाली असती तर नॉरिसने ती सोसलीही असती. पण "तुझ्यावर भरवसा आहे" हे शब्द त्याच्या पोटात खिळ्यासारखे रुतले होते. तो विचार करतोय तोवर शिट्टी झाली आणि सामना सुरू!

आणि पहिलाच प्रकार काय, तर लाइन्समन महाशय झेंडा घेऊन थेट त्या रेघेवरून पळायला लागले! थाड थाड थाड! प्रत्येक पावलाला काका उडत होते.

"अहो! पाय देऊ नका!" नॉरिस कठड्यावरून ओरडला.

"काय?"

"रेघेवर पाय देऊ नका! जरा लांबून पळा!"

"मी लाइन्समन आहे," तो गृहस्थ म्हणाला. "रेघेवर नाही तर काय झाडावरून पळू?"

"थोडा मान राखा हो त्या रेघेचा!"

लाइन्समनने आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या, पण रेघेचा मान राखा असं त्याला कुणी सुनावलं नव्हतं. तो गडबडून दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात भुरभुर पाऊस आला. नॉरिस कठडा ओलांडून आत! स्वतःची छत्री उघडून तो रेघेवर धरून उभा राहिला. पण छत्री एक आणि रेघ शंभर पावलांची. इकडे धरली की तिकडे भिजे. तो छत्री घेऊन रेघेच्या कडेने येरझारा घालू लागला. प्रेक्षकांत हास्याचा गडगडाट!

"नॉरिस, गवताला सर्दी होईल म्हणून का रे?"

"अरे, त्याला मफलर पण बांध!"

शेवटी रेफरीने खेळ थांबवला. "छत्रीवाले बाहेर जा, नाहीतर सामना बंद करतो!" नॉरिस बाहेर आला. जाता जाता लाइन्समनला हात जोडून म्हणाला, "साहेब, लांबूनच पळा, तुम्हाला तुमच्या आईची शपथ!" लाइन्समनला वाटलं, हा माणूस वेडा असणार, आणि वेड्याचं ऐकलेलं बरं. तो उरलेला सामनाभर रेघेपासून चांगला हातभर लांब पळत राहिला.

मध्यंतर तोंडाशी आलं. कप रिकामाच. आणि बुडत्याला सुचावी तशी नॉरिसला कल्पना सुचली. तो चहाच्या टपरीत घुसला.

"ग्लॅडिस, तुझ्या शेगडीतली राख दे!"

"घे की राजा," ग्लॅडिस कप भरून देत म्हणाली. "पण एवढी काय करायचीय?"

"विचारू नकोस. तुला माझी शपथ."

मग बँड वाजू लागला. दोन्ही संघ माना खाली घालून रांगेत उभे राहिले. पाद्रीबुवा सेपबद्दल बोलले आणि खरंच सुरेख बोलले. सेप कधी पडल्याचं नाटक करत नसे, हरलेल्या संघातल्या माणसाला पहिली बियर तोच पाजायचा, आणि त्याने शंभरावा गोल मारला त्या दिवशीही तो माग साफ करायला गिरणीत परत गेला होता. स्टँडमधले खडूस म्हातारे टोप्या काढून डोळे पुसत होते. नॉरिसला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. असल्या माणसाच्या नावावर आपण शेगडीची राख खपवतोय!

विनीने कप हातात घेतला आणि हळूच तिरका केला. राख उडाली. आणि मागोमाग कपातून काहीतरी टपकन पडलं, पाद्रीबुवांच्या बुटापाशी.

विनीने वाकून ते उचललं. उलटसुलट करून पाहिलं. नाकाशी नेलं. ग्लॅडिस न खपलेले खिम्याचे पॅटिस शेगडीत टाकते, हे नॉरिसच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"नॉरिस," विनी ओठ न हलवता म्हणाली, "ह्यांना जळालेला पॅटिस कधीच आवडला नाही."

"मावशी, मी... ते..."

"गप्प. चेहरा सरळ ठेव. सगळी बघतायत. समारंभ पुरा होऊ दे."

तिने तो तुकडा शांतपणे कोटाच्या खिशात टाकला. बँडने शेवटची धून वाजवली. मैदानाबाहेर येताच नॉरिस मावशीला बाजूला घेऊन गेला. पत्र्याच्या आडोशाला त्याने सगळं सांगून टाकलं: बादली, जेथ्रो, चुना, शेगडी. सांगताना तो लहान मुलासारखा रडला. "मावशी, वाटेल ते बोला. मी त्याच लायकीचा आहे."

विनीने मैदानाकडे पाहिलं.

"कुठली रेघ म्हणालास?"

"कालव्याकडची."

तिने तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. खांदे हलायला लागले. नॉरिस घाबरून पाहतो तर काय, बाई हसत होती! हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अरे मधलं वर्तुळ तुमच्या कमिटीचं रे! हे आयुष्यात तिथे कधी गेले होते? मला म्हणाले होते, 'विनी, मला कालव्याकडच्या रेघेवर टाक. बाकीचं मैदान दुसऱ्यांचं.' पण तुम्ही पाद्री आणलात, बँड आणलात, कप घासलात. मला मेलीला सांगायची लाज वाटली." तिने डोळे पुसले. "लग्न झाल्यापासून मी तिथे कठड्याला उभी राहायची. चेंडू बाहेर गेला की थ्रो घ्यायला यायचे आणि हळूच विचारायचे, 'आज जेवायला काय?' त्यासाठी मुद्दाम बाहेर घालवायचे, लबाड!"

नॉरिसला एवढं बरं वाटलं, की त्याने मावशीचा हात धरून तिला कालव्याकडच्या कठड्याशी नेऊन उभं केलं. तिच्या नेहमीच्या जागी.

उत्तरार्धात हॅगडेन उताराच्या दिशेने खेळतं, ही आजोबांच्या वेळेपासूनची रीत. म्हणजे डावी बगल कालव्याकडे. हल्ली तिथे डेरेक नावाचा गडी खेळायचा. पायात वारा, पण काळजात ससा. पण त्या दिवशी पाद्रीबुवांचं भाषण ऐकून त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! शेवटच्या मिनिटांत एक लांब चेंडू बाहेर निघालेला पाहून तो रेघेवरून सुसाट सुटला. एरवी लाइन्समन मध्ये आला असता आणि दोघं उताणे पडले असते, पण तो तर वेड्याच्या धाकाने लांबून पळत होता! चेंडू रेघेवर आला, त्या जाड खरखरीत थरात रुतला आणि थांबला. बाहेर गेलाच नाही! डेरेकने तो पायाने उचलून गोलसमोर टाकला, कुणाचं तरी डोकं लागलं आणि गोल! हॅगडेन एक, पाहुणे शून्य!

"ह्यांनीच थांबवला," विनी पुटपुटली. "गोल दिसत असेल तर हे बाहेर जाऊ द्यायचेच नाहीत."

गाव नाचत घरी गेलं. कठड्याशी नॉरिस आणि विनी तेवढी राहिली. एवढ्यात चाकाची गाडी ढकलत जेथ्रो आला.

"सेक्रेटरीसाहेब, एक सांगू? जन्मात पहिल्यांदा तुम्ही कामाची वस्तू आणलीत." जेथ्रोने बुटाने रेघ दाबून पाहिली. "एवढा पाऊस झाला, बावीस जण तुडवून गेले, पण हलली आहे का बघा! पुढच्या शनिवारी अजून दोन बादल्या हाच चुना आणा. महाग पडला तरी चालेल."

विनीने रेघेकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि रिकामा कप नॉरिसच्या हातात दिला.

"नाही रे जेथ्रो," ती म्हणाली. "तसला पुन्हा मिळायचा नाही."