निंबाआप्पांची गाणारी पोरं

आमच्या शेजारी निंबाआप्पांच्या घरात भाकरीसुद्धा गाऊन मागावी लागे. नुसतं 'भाकर दे' म्हटलं की आप्पा ताटावर हात आडवा धरत आणि म्हणत, "पहिले सूर लाव, मंग भाकर." मग विलास आणि सुमन ही त्यांची दोन पोरं सुरात भाकरी मागत, सुरात चटणी मागत. एकदा मी मीठ मागायला गेलो, तर मलाही सोडलं नाही. मी जो काय सूर लावला तो ऐकून आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, अख्खी बरणीच माझ्या हातात दिली. पुन्हा येऊ नये म्हणून असावी.

सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत सगळी खानदेशातून पोटासाठी आलेली माणसं. नव्वदनंतरची ती वर्षं. मी मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचो, बाकी जवळपास सगळे पॉवरलूमवर. आप्पा तर मिसरूड फुटल्यापासून. गावाकडे ते भजनात पेटी वाजवत. इकडे आल्यावर लूम आली, पेटी सुटली. पण ते हार मानणारे नव्हते. म्हणायचे, "माले नही जमनं ते पोरं करतीन."

त्यासाठी त्यांनी एक जुनी पेटी आणली. तिच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. गाण्यात तो सूर आला की आप्पा स्वतः तोंडानं ओरडून तो भरून काढत. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, मधूनमधून पेटीवाल्याला कुणीतरी चिमटा काढतंय. मागच्या गल्लीतले गुजराती कनुभाई खिडकीतून हात जोडत, "काका, जरा धीमे राखो ने!" आप्पा हसून हात हलवत आणि आम्हाला सांगत, त्याला गाण्यातलं काही कळत नाही.

आप्पांचा मंत्र एकच. "पोटम्हाईन काढ आवाज!" विलासला तो मानवला. त्याचा आवाज पहाडी, त्यात ढोलकीही हाणायचा. पुढे नवरात्रात कतारगामच्या एका पार्टीबरोबर गरब्यात गाऊ लागला. आप्पांची छाती फुगली.

सुमनचा आवाज वेगळा होता. बारीक, पण असा गोड की मी घड्या घालून कंटाळून आलो, की दाराशी उगाच चप्पल काढत रेंगाळायचो. ती आतल्या आत गायची, जसं कुणी पाण्यावरून हात फिरवावा. आप्पांना तेच खुपायचं. "जोरमा! जोरमा वं माय!" म्हणून तिच्या मागे लागायचे. ती जोर लावायची आणि आवाज फाटायचा. मग आप्पा कपाळाला हात लावून आक्कांना म्हणायचे, "पोरले गळाच नही."

एका श्रावणात गल्लीत कानबाई, आमची खानदेशी देवी, बसवली होती. सकाळी देवी विसर्जनाला निघण्याआधी बायका गाणी म्हणतात, त्यात आप्पांनी सुमनला उभं केलं. तिनं सुरुवात केली आणि पुढच्या बायका एकदम गप्प झाल्या. हातातले प्रसादाचे रोट हातातच राहिले. मी स्वतः पाहिलंय. एवढ्यात मागून आप्पा गरजले, "जोरमा! मांगल्या बायासले आयकू जाऊ दे!" मागच्या बायांना चांगलं ऐकू जात होतं हो. त्यांतली एक डोळे पुसत होती. पण बापाचा शब्द. सुमननं जोर केला, आवाज फाटला, पोरं हसली. ती खाली बसली ती बसलीच. पुढे त्या घरात भाकरी ती खुणेनं मागू लागली. आप्पांनीही मग तिच्यावर सूर लावायची सक्ती केली नाही. त्यांना वाटलं, आपण दया केली.

पुढे तिचं लग्न होऊन ती सुरतेजवळच कडोदऱ्याला गेली.

त्यानंतरची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी सगळ्या लूम बंद असतात. अशाच एका सुट्टीला आप्पा तावातावानं माझ्याकडे आले. "सुट्टीना दिन कोन लूम चालाडी ऱ्हायना? चाल, दाखाडतो त्याले!" मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्यापुढे कुणाचं चालतंय. आम्ही सगळी गल्ली पालथी घातली, मागचे कारखाने पाहिले. सगळीकडे कुलपं. आप्पा कुलपाला कान लावून म्हणत, "आठेच शे," म्हणजे इथंच आहे. शेवटी आपल्याच घरात येऊन बसले, तरी त्यांच्या कानात लूम चालूच.

मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मान हलवली. लूमच्या आवाजानं कान गेलेत, आजचे नाहीत, फार वर्षांपासून. आम्हाला कसं कळावं? आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात, आणि लूमवाला माणूस ओठ बघून बोलणं ओळखतो. डॉक्टर सहज म्हणाले, "यात आधी बारीक आवाज जातात. मोठे राहतात."

आप्पा डॉक्टरांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. घराजवळ आल्यावर म्हणाले, "स्कूटर कडोदराले घे."

सुमन अंगणात पोराला मांडीवर घेऊन बसली होती. आप्पांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुना गळामा खोट नव्हती वं माय. मना कानमा व्हती." तिला आधी काही कळेना. मी डॉक्टरांचं सांगितलं. तिनं पोराला जवळ ओढलं. मला तिचं वाईट वाटलं आणि आप्पांचं त्याहून जास्त. गेलेली वर्षं कोण कुणाला परत देणार?

पोर किरकिरायला लागलं. सुमननं त्याला थोपटलं, आणि मग आमच्याकडे न बघता हळूच गायला लागली. तोच आवाज. थोडा जाडावलेला, पण तोच. मला पुढचं दिसेना, डोळे भरून आले. आप्पा मात्र एकटक नातवाकडे बघत होते. पोराची मूठ सैल झाली, पापण्या जड झाल्या, आणि ते झोपलं. तसे आप्पा मान डोलवायला लागले.

सुमननं वर पाहिलं. ओठ नीट हलवत विचारलं, "आप्पा, आयकू ई ऱ्हायनं का? जोरमा म्हनू?"

"नको वं माय," आप्पा म्हणाले. "पोऱ्या उठी जाई."