टाकीतली लेकरं

"ताई, गुळाचा खडा आसंल तर द्या. लेकरं उपाशी हायत."

बबनकाकांनी आमची बेल वाजवून हे म्हटलं, तेव्हा मी रावेतच्या त्या सोसायटीत नवी होते. माझा जीव कळवळला. गुळाबरोबर ग्लासभर गरम दूधही आणलं. काकांनी गूळ खिशात घातला, दूध उभ्याउभ्या पिऊन टाकलं आणि मग सांगितलं, की लेकरं खाली राहतात, बी विंगमागच्या टाकीत.

म्हणजे जंतू! सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाकीत जे जंतू आपली घाण खातात, ते. काका चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. टाकीवर देखरेख ठेवायला दुसरं कुणीच तयार होईना, म्हणून कमिटीने ते काम त्यांच्या गळ्यात मारलं. काकांनी ते हारासारखं घातलं.

लोक सकाळी प्राणायामाला बागेत जातात. काका टाकीवर वाकून दीर्घ श्वास घेतात. ओल्या मातीचा वास आला, की "तब्येत झ्याक हाय." कुबट वास आला, की गुन्हेगाराच्या शोधात निघतात. संडासात अ‍ॅसिड ओतणारा त्यांच्या लेखी खुनी. चेअरमनसाहेबांना त्यांनी भर लिफ्टमध्ये तसं म्हटलंय. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतणारा तर त्याहून वाईट. "त्याल पान्यावर बसतं राव, लेकरांचा श्वास कोंडतो." बाईमाणसालाही ते बिनदिक्कत 'राव' म्हणतात.

गेल्या दिवाळीत निम्मी सोसायटी गावाला गेली. टाकीत पाणीच येईना, तेव्हा जंतू उपासमारीने मेले. लोक परतले, तर पार्किंगमध्ये नाक धरून चालावं लागे. तसलंच पाणी नाल्यातून पवना नदीत जात होतं. काका टाकीपाशी डोकं धरून बसले. उठले ते एवढंच म्हणाले, "पुढच्या दिवाळीला एक बी मरू देनार न्हाई."

काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. यंदा टाकी चालवणारा ऑपरेटर सुट्टीवर गेला, तसा त्यांनी खुर्ची टाकीशेजारीच टाकली. पुनावळ्याच्या गोठ्यातून शेण आणलं, गुळाचं पाणी कालवलं आणि बाळाला भरवावं तसं थोडं थोडं ओतू लागले. मला सुट्टी नव्हती, त्यामुळे मीही सोसायटीतच होते. लक्ष्मीपूजन झालं तरी मातीचा वास कायम होता. मला वाटलं, जिंकले काका.

पाडव्याच्या सकाळी खाली गेले, तर टाकीवर हा फेस! त्यावर तेलाचा तवंग आणि तवंगात एक करंजी तरंगत होती. माझा पारा चढला.

"काका, कुणी केलं हे? नाव सांगा, आत्ता जाऊन बेल वाजवते."

काका जाळीने तवंग काढत होते. मान वर न करता म्हणाले, "म्याच टाकलं."

"तुम्ही? तळलेलं?"

"व्हय. अक्कल गेली हुती."

मी ओढणी खोचली आणि बादली उचलली. दुपारपर्यंत आम्ही तवंग उपसत होतो. हवेचा ब्लोअर जोरात सोडला. पाणी मोकळं दिसायला लागलं, तेव्हा काकांनी वाकून वास घेतला. परत घेतला. "दम धरून हायत," म्हणाले आणि कठड्यावर मटकन बसले.

"पोरगा येनार हुता, नातीला घिऊन. बायकू गेल्यापास्नं घरात फराळ झालाच न्हवता. यंदा मोबाइलात बघून समदं केलं. काल फोन आला, जमत न्हाई. डबं डोळ्यांम्होरं नकोसं झालं. म्हनलं, कुनीतरी खावं, ताई."

मला गलबलून आलं. ज्या टाकीसाठी या माणसाने सणवार सोडला, तिच्यात त्याने स्वतःच्या हाताने तेल सोडलं होतं.

"सगळं टाकलंत?"

"शंकरपाळ्यांचा डबा ऱ्हायलाय."

"मग चला घरी. भूक लागलीय मला."

हातपाय धुऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. काकांनी वाटी भरून पुढे ठेवली आणि उगाचच ओटा पुसायला लागले. शंकरपाळे इतके कडक, की दाढ शिल्लक राहील याची खात्री नव्हती. ओटा कधीच स्वच्छ झाला होता, तरी काका तोच पुसत होते, पाठ माझ्याकडे करून.

मी वाटी संपवली आणि म्हटलं, "काका, अजून वाढा."