सुगंधाबाईंचा गुडघा

राणीसावरगावात सुगंधाबाईंचा उजवा गुडघा ठणकला की दुसऱ्या दिवशी पाऊस येई. त्यामुळे सोयाबीन काढायच्या दिवसांत त्यांच्या ओट्यावर सकाळीच माणसं जमत.

"काकू, काय म्हणायलाय गुडघा?" बन्सीधर विचारी.

"लय ठणकायलाय. आज कापू नको."

बन्सीधरची दहा एकर त्या गुडघ्यावर चालायची. साधनाला मात्र सासूचे हाल पाहवेनात. तिनं त्यांना गंगाखेडला होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडं नेलं.

"आभाळ आलं की वाढणारं दुखणं ना? मग रोडोडेंड्रॉन," डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली दिली. "चार-चार चघळा."

पंधरा दिवसांत गुडघा गप्प झाला. सुगंधाबाई मांडी घालून जेवू लागल्या. बन्सीधरनं विचारल्यावर त्यांनी खरं तेच सांगितलं, "काईच दुखंना बघ." त्यानं सगळं सोयाबीन कापून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते सरीतल्या पाण्यात तरंगलं.

संध्याकाळी तो सरपंच भगवानरावांना घेऊन आला.

"काकू, गोळ्या बंद करा. गावाचा इचार करा जरा," बन्सीधर म्हणाला.

"अन् माजा गुडघा?"

"तो काय तुमच्या एकटीचा हाय का?" भगवानराव शांतपणे म्हणाले.

साधनानं मोबाइल पुढं केला. "हे बघा की. उद्या तीन वाजता पाऊस दाखवायलाय."

"मोबाइलचा काय भरोसा, वैनी," बन्सीधरनं तिकडं पाहिलंही नाही.

सुगंधाबाईंनी सर्वांदेखत बाटली फळीवर ठेवून दिली आणि माणसं गेल्यावर चार गोळ्या तोंडात टाकल्या.

मग रोजचं ठरून गेलं. साधना आत मोबाइल पाही आणि चहा देताना सासूच्या कानात पुटपुटे. पाऊस असला तर सुगंधाबाई गुडघा धरून कण्हत, नाहीतर नुसत्याच मान हलवत. सोयाबीन वाचू लागलं. गोळ्या सोडायला लावल्या म्हणून भगवानरावांचं गावात कौतुक झालं.

एके दिवशी मोबाइलनं जोराचा पाऊस दाखवला आणि त्या इतक्या कण्हल्या, की गावानं मळणीयंत्र परत पाठवलं. दुसरा दिवस कडक उन्हाचा निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधर ओट्यावर येऊन बसला, तेव्हा साधना दारातच थबकली.

"काकू, काल थेंब न्हाई पडला."

"व्हय रे."

बन्सीधरनं गुडघ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"मोबाइल असता तर फेकून दिला असता," तो हळव्या आवाजात म्हणाला. "पण गुडघ्याचं आता वय झालंय. त्याला आराम द्या. आजपासून आमी डाव्याला इचारू."

सुगंधाबाईंनी डावा पाय पुढं केला.