रस्त्यापलीकडचे अण्णा

आमचे शिवप्पाअण्णा कुणालाही मदत करत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, तेही छाती पुढं काढून. "आक्का, मदत करणारा माणूस म्या न्हाय." आणि सकाळचा चहा झाला की धोतर सावरत हायवे ओलांडून पलीकडच्या वस्तीत निघतात. कुणाचा पत्रा वाऱ्यानं उचकटला असंल तर तो ठोकायला, कुणाची चूल लिंपायची असंल तर माती कालवायला. मग ह्याला काय म्हणायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ही संगत हाय."

तामलवाडीच्या पुढं थोडं गेलं की आमचं गाव लागतं. अण्णा माझे शेजारी. जन्मभर किराणा दुकान चालवलं. आता दुकान बंद, मुलगा पुण्याला, आणि त्यांची बायको, आमच्या गंगव्वा वहिनी, वारूनही बराच काळ झाला. रागाला आले की अण्णा कानडीत बोलतात, आणि वस्तीत ते रोजच रागाला येतात. तिथल्या हिराबाईशी त्यांचं कायमचं वाजलेलं. ती मजुरीला जाणारी बाई, पण तोंड असं की विचारू नका. अण्णा पत्र्याला दोरी बांधणार, ही येऊन सोडणार. "अण्णा, ही गाठ हाय का जिलबी?"

मला कोडं पडायचं ते इथंच. गावात ज्या माणसाला कुणी उलट शब्द बोलत नाही, तो रोज बोलणी खायला रस्ता ओलांडून का जातो?

म्हणून एकदा मीच गेले बघायला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेतलं. अण्णांनी ते बघून तोंड वाकडं केलं. वाटून टाकलंत तर लगेच घरी जाल, म्हणाले, त्यापेक्षा बसा. बसले. हिराबाई नि शेजारच्या बाया गोधडी शिवत होत्या. माझी लुगडी त्यांच्या लुगड्यांवर पसरली आणि माझ्या हातात सुई आली. माझे टाके बघून हिराबाई म्हणाली, आक्का, ह्यातनं तर लेकराचा पाय बाहेर यील. सगळे उसवून परत घालायला लावले. दुसऱ्या दिवशी मी चष्मा घेऊन गेले.

त्या गोधडीवर बसूनच मला नळाचं कळलं. वस्तीला नळ मंजूर झाला होता, पण जागा ठरली होती हायवेच्या अलीकडं, गावाच्या बाजूला. म्हणजे भरली घागर घेऊन मालट्रकांच्या मधून पळायचं. जागा बदलायची तर ग्रामसभेत बोलायला हवं. बाया म्हणाल्या, अण्णा, तुम्हीच बोला, तुमचं ऐकतील. अण्णांनी हात झटकले. "माझ्या घरात नळ हाय. म्या कशाला बोलू?"

पण हिराबाईनं बोलायचं ठरलं, तेव्हा तिची तालीम घ्यायला तयार झाले. पालथ्या घमेल्यावर बसून स्वतः सरपंच झाले. हिराबाईनं मागायचं आणि ह्यांनी नाही म्हणायचं. मिशीवरनं हात फिरवत, "बघू, पुढच्या वर्षी बघू," असं इतकं झकास म्हणायचे की शेवटी हिराबाईनं भडकून दोऱ्याचं रीळ फेकून मारलं. अण्णा खूश. आता जमलं म्हणाले, फक्त सभेला येताना रीळ घरी ठेवा.

इतकी वर्षं गावात काढून ग्रामसभेची पायरी मी कधी चढले नव्हते. ते पुढाऱ्यांचं काम, असं वाटायचं. त्या दिवशी बायांबरोबर गेले. त्या दाराशी, चपलांजवळच बसायला लागल्या, तर मी त्यांना हाताला धरून आत नेलं. हिराबाई बोलायला उठली. नळ वस्तीतच द्या म्हणाली. सरपंच म्हणाले, जागा ठरली, आता बदलता येणार नाही. हिराबाई पदर सावरत खाली बसायला लागली.

आणि अण्णांना राहवलं नाही. उठलेच ते. "अहो सरपंच, माझं ऐका जरा..."

"अण्णा, तुमी खाली बसा," हिराबाई म्हणाली. "आमचं आमी बोलतो."

अण्णा बसले. हिराबाई सरपंचांकडं वळली. "साहेब, तुमच्या घरातलं कुणीबी एक दिस घागर घेऊन आमच्यासंगं रस्ता ओलांडू द्या. मग जागा तुमीच ठरवा."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी उभी राहिले. म्हणाले, मी जाते हिच्यासंगं. माझ्यामागं गावातल्या आणखी काही बाया उठल्या. सरपंचांनी ग्रामसेवकाकडं बघितलं, ग्रामसेवकानं पंख्याकडं. शेवटी ठराव झाला. नळ पलीकडं, वस्तीतच बसणार.

परत येताना अण्णा खाली मान घालून पुढं पुढं चालले होते. मला वाईट वाटलं. एवढं राबलेल्या माणसाला हिरानं चारचौघांत असं बोलायला नको होतं, मी म्हणाले. अण्णा दारापाशी थांबले. उपरण्यानं तोंड पुसलं.

"न्हाय हो आक्का. गंगव्वा गेल्यापासनं सगळे नुसतं व्हय अण्णा, व्हय अण्णा म्हणत्यात. खाली बसा म्हणणारं माणूस लई दिसांनी भेटलं."

किल्ली हातात होती, पण कुलूप काढलं नाही. नळाची तोटी कुठल्या अंगाला असावी, ह्यावरनं हिराबाईशी भांडायचं राहिलं होतं म्हणे. मागं फिरले आणि रस्त्याकडं चालायला लागले.