भरलेली बाटली कोणी टाकत नाही

रविवारी सकाळी सीमाने तूरडाळीचा डबा काढायला वरचं कपाट उघडलं आणि स्टीलची एक बाटली थेट तिच्या पायाच्या अंगठ्यावर आली. तिच्या मागून आणखी तीन-चार आल्या. शेवटची गडगडत मोरीपर्यंत गेली. लगेच खालच्या मजल्यावरून छताला काठीचे ठोके पडले.

"उठले परबकाका," राजरत्न मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

"तुझ्याच ऑफिसची बाटली आहे ही," सीमा अंगठा दाबत म्हणाली. "अजून किती आणणारेस?"

"मी आणतो का? ते देतात."

देत होते हे खरं. राजरत्नच्या कंपनीला पगारवाढीचं नाव काढलं की ताप यायचा, पण बाटल्या वाटायला तिचा हात सढळ होता. पर्यावरण दिनाला बाटली, योग दिनाला बाटली. ज्या वर्षी निम्म्या लोकांना घरी पाठवलं त्या वर्षी उरलेल्यांना झाकणात तापमान दाखवणारी बाटली. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराने स्वतःचा फोटो छापलेली दिली होती. त्याने त्यानंतर दोन पक्ष बदलले, बाटली मात्र इमानाने त्याच कपाटात उभी. त्यात लेकीच्या, अपूर्वाच्या, शाळेच्या. काहींची झाकणं हरवलेली, आणि काही झाकणांच्या बाटल्या हरवलेल्या. लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी बिल्डरने ही इमारत उभारली तेव्हा घरात माणसं मावतील एवढंच बघितलं होतं, आणि तेही जेमतेम.

टाकायचं म्हटलं की सासू आडवी यायची. कमलाबाईंचं एकच वाक्य ठरलेलं. "राहू दे. सहा डिसेंबरला लागतील."

तेही खरं होतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर माणसं कुठून कुठून येतात, उपाशी, तहानलेली. हे कुटुंब दरवर्षी घरातली प्रत्येक बाटली भरून दादरला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि येणाऱ्याला पाणी द्यायचं. पण वर्षातून एका दिवसासाठी उरलेलं वर्षभर अंगठे किती फोडून घ्यायचे, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

"आज ह्याचा निकाल लावते," सीमा म्हणाली. "रॅक आलाय तो लावायचा. मावतील त्या राहतील. झाकण नाही, रिकामी आहे, ती भंगारात."

खाटेवर बसलेल्या कमलाबाईंनी हे ऐकलं आणि त्यांचं लक्ष भिंतीच्या फळीकडे गेलं.

फळीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता, बाजूला कोंडीरामचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा. त्याच्यासमोर हिरव्या प्लास्टिकची साधी बाटली, गळ्यात निळी दोरी. आत महाडच्या तळ्याचं पाणी. ज्या तळ्यावर गुरंढोरं पीत होती आणि माणसांना मनाई होती, ज्यावर बाबासाहेबांनी माणसं नेऊन ओंजळ भरली, ते तळं. कोंडीराम दर वीस मार्चला महाडला जायचा. शेवटच्या खेपेला ही बाटली भरून आणली आणि पाऊस पडायच्या आत तो गेला. कमलाबाईंनी तिचं झाकण कधी उघडलं नाही. रोज पुसायच्या मात्र.

सीमा त्या बाटलीला हात लावणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण मागे एकदा ती म्हणाली होती, "आई, त्यात शेवाळ धरलंय हो." तेव्हापासून त्यांना तिच्या साफसफाईचा भरवसा नव्हता. त्यांनी डोकं चालवलं. रिकामी बाटली टाकतात. भरलेली बाटली कोणी टाकत नाही. मग भरलेल्या कुठे असतात? ओट्यावर, सकाळी नळाला पाणी आलं की भरून ठेवतात त्या रांगेत. सीमाची पाठ वळल्यावर त्यांनी निळी दोरी सोडून मनगटाला गुंडाळली, बाटली त्या रांगेत नेऊन उभी केली आणि निर्धास्त आंघोळीला गेल्या.

इकडे रॅक लागला. भिंतीला भोक न पाडता चिकटणारा होता. "किती वजन घेतो?" राजरत्नने विचारलं. "व्हिडिओत ती बाई लटकत होती त्याला," सीमा म्हणाली. बाटल्या आडव्या रचून झाल्या. फोटो काढून झाला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात चिंतामणी परब, गालात तंबाखूचा बार. सोसायटीचे सेक्रेटरी, वय सत्तरीच्या पुढे, अंगात गंजीफ्राक, हातात तीच काठी.

"राजा, रविवारचं तरी माणसाला झोपू देशील की नाय? माझ्या डोक्यावर गिरणी चालू केलीस तू."

"सॉरी काका. बसा ना. पाणी देऊ?"

"नको, आत्ताच घेतलं."

परबांचं हे वाक्य या घराला पाठ होतं. परब आणि कोंडीराम एका गिरणीत, एका पाळीत, पुढे एकाच चाळीत. कोंडीरामच्या डबीतली तंबाखू परबांनी वर्षानुवर्षं खाल्ली. त्याच्याबरोबर संपात मार खाल्ला. त्याच्या मयताला खांदा दिला. पण त्याच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की आत्ताच घेतलेलं असायचं. कधी भांडण नाही, कधी वाकडा शब्द नाही. फक्त तहानच लागायची नाही. तंबाखूला जी गोष्ट चिकटत नाही ती पाण्याला चिकटते, हे परबांना कोणी शिकवलं नव्हतं. तसल्या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत.

"सोसायटीत नियम आहे," परब रॅकशेजारी उभे राहून म्हणाले. "सकाळी आठच्या आधी आदळआपट..."

रॅकने भिंत सोडली. सगळा दारूगोळा परबांच्या कानाजवळून खाली आला. एकही बाटली लागली नाही, पण परब असे दचकले की तोंडातला तंबाखूचा बार सरळ घशाखाली गेला.

आधी ठसका, मग डोळे पांढरे. खोकत खोकत ते ओट्याकडे धावले, हाताला लागली ती बाटली उचलली आणि घटाघटा तोंडाला लावली. थांबले तेव्हा बाटली रिकामी होती.

"हुश्श," परब म्हणाले. मग तोंड वाकडं केलं. "टाकी धुवायला सांगतो उद्या. वास येतो पाण्याला."

सीमा बाटलीकडे बघत होती. हिरवी. तिने वळून फळीकडे बघितलं. फळीवर गोल डाग होता.

तेवढ्यात मोरीचं दार उघडलं.

"सीमे," कमलाबाईंचा आवाज अगदी बारीक होता. "काय केलंस तू हे?"

"मी? आई, ही ओट्यावर कोणी ठेवली?"

कमलाबाईंनी हात पदराआड घ्यायला उशीर केला. ओल्या मनगटावरची निळी दोरी सगळ्यांनाच दिसली.

"काय झालं काय?" परब म्हणाले.

"महाडचं पाणी होतं ते, काका," राजरत्न म्हणाला. "बाबांनी आणलेलं."

"म्हणजे... किती जुनं?"

"ते गेले त्या वर्षीचं."

परबांनी पोट धरलं. "मेलंय गो मी."

"तुम्हाला पोटाची पडलीय," कमलाबाई म्हणाल्या. "माझ्याकडं त्यांचं तेवढंच होतं, भावोजी. जन्मभर माझा माणूस तुम्हाला पेला घेऊन विचारत राहिला. तेव्हा एक घोट घेतला असता तर आज सगळी बाटली संपवायची पाळी आली नसती."

राजरत्न म्हणाला, "आई, जाऊ दे." पण ते जाऊ देण्यासारखं नव्हतं.

परब खुर्चीत बसले. या घरात ते कधी बसत नसत. रिकामी बाटली त्यांनी मांडीवर धरली होती.

"दर मार्चला बोलवायचा मला," ते म्हणाले. "चल म्हणायचा, एकदा बघ तरी. मी सांगायचो, पुढच्या वर्षी." ते उठले, बाटली कमलाबाईंच्या हातात दिली आणि काठी विसरून खाली गेले.

त्या दिवशी घरात दोन काळज्या होत्या. कमलाबाई संध्याकाळपर्यंत फळीकडे बघत नव्हत्या. आणि सीमा दर थोड्या वेळाने जमिनीला कान लावत होती, खाली माणूस जिवंत आहे का बघायला.

"मेले तर पोलीस आपल्याला नेतील," ती म्हणाली.

"नळाचं पाणी पिऊन इतकी वर्षं जगलेत," राजरत्न म्हणाला. "काही होत नाही त्यांना."

दुसऱ्या दिवशी काठी परत करायच्या निमित्ताने कमलाबाई स्वतः खाली गेल्या. दार परबांच्या बायकोने, मालनने उघडलं. परब खिडकीत बसून पेपर वाचत होते, ठणठणीत. पोटात साधा गुबारासुद्धा धरला नव्हता.

"बस गो कमल," मालन म्हणाली आणि आतून पाण्याचा पेला घेऊन आली.

कमलाबाई पेल्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "नको. आत्ताच घेतलं."

पेपर खाली आला. परबांनी मान खाली घातली. मालनचा हात हवेत तसाच राहिला.

कमलाबाईंनी ते पुरेसं मुरू दिलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वाक्य एकदा आपल्या तोंडी कसं लागतं ते बघायचं होतं, ते बघून झालं. मग त्यांनी पेला घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या.

"आता वीस मार्चला," परब पेपरची घडी घालत म्हणाले, "गाडी कुठून सुटते तुमची?"

"आमच्या बिल्डिंगखालूनच. तुमच्या पण."

"मग बाटली मी घेतो बरोबर. मी संपवली, मी भरून आणतो."

कमलाबाई उठल्या. दारापाशी त्यांची नजर मालनच्या स्वयंपाकघरातल्या माळ्याकडे गेली आणि त्या थबकल्या.

वर सीमाने नुकताच रॅक भंगारवाल्याला दिला होता. झाकण नसलेल्या बाटल्याही दिल्या होत्या. कपाट उघडून ती त्या रिकाम्या जागेकडे समाधानाने बघत होती, तेव्हा दार लाथेने वाजलं.

तिने उघडलं. सासूच्या दोन्ही काखांत बाटल्या होत्या, पदरात बाटल्या होत्या. मागे परब उभे, त्यांच्या हातात आणखी एक पिशवी भरून.

"मालन टाकायला निघाली होती," कमलाबाई आत येत म्हणाल्या. "म्हटलं, राहू दे. सहा डिसेंबरला लागतील."